जुन्या मोटरसायकलीतील विजेचे दोष व सूचक दिवे

एटापल्ली तालुक्यात मृगाच्या सरी पडू लागल्या की शेतकऱ्याची धावपळ सुरू होते. धानाचे बियाणे आणावयाचे असते, पऱ्हे टाकावयाचे असतात, रोवणीपूर्वी खताची पोती बांधीपर्यंत पोहोचवावयाची असतात. कसनसूर, जारावंडी, गट्टा या बाजूंच्या गावांतून एटापल्लीस आणि तेथून आलापल्लीस जाणारा मार्ग दाट जंगलातून जातो. या मार्गावर आज बैलगाडीचे पुष्कळसे काम मोटरसायकल करीत आहे. घरात कोणी आजारी पडले तर रात्री-अपरात्री तीच बाहेर काढावी लागते. यास्तव मोटरसायकलीचा दिवा विझणे किंवा हॉर्न मुका होणे ही किरकोळ गैरसोय समजून चालत नाही. सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक सुरू झाल्यापासून या भागात अवजड मालमोटारींची ये-जा वाढली आहे. अंधारात मागचा दिवा बंद असलेली मोटरसायकल अशा मोटारीच्या चालकास अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

विजेचा दोष म्हटला की बहुतेक मालक प्रथम बॅटरी बदलतात. नवी बॅटरी आठ-पंधरा दिवस चालते आणि पुन्हा तीच तक्रार उभी राहते. पैसा जातो, दोष मात्र जागच्या जागी राहतो. वस्तुतः यांतील बरेच दोष घरच्या घरी ओळखता येतात. त्यासाठी वीज कोठून येते व कोठे जाते, एवढे प्रथम समजून घेतले पाहिजे.

वीज कोठून येते?

हीरो होंडा सीडी १०० ही गाडी १९८५ साली व स्प्लेंडर १९९४ साली बाजारात आली. या जातीच्या जुन्या १०० सीसी गाड्या खेड्यापाड्यांत अद्याप मोठ्या संख्येने चालू आहेत. त्यांच्या इंजिनाबरोबर चुंबक बसविलेले एक चाक फिरते व त्याच्या आत तारेची वेटोळी असतात. यालाच मॅग्नेटो म्हणतात. एक वेटोळे ठिणगीसाठी वीज निर्माण करते. दुसरे दिव्यांसाठी व बॅटरीसाठी.

बॅटरीकडे जाणारी वीज वाटेत रेक्टिफायर नावाच्या लहान डबीतून जाते. ही डबी विजेचा प्रवाह एका दिशेचा करते व त्याचा दाब मर्यादेत ठेवते. अशा बहुतेक गाड्यांत पुढचा मोठा दिवा व मागचा लाल दिवा इंजिनाच्या विजेवर जळतात. हॉर्न, वळण दाखविणारे इंडिकेटर, ब्रेकचा दिवा व न्यूट्रलचा हिरवा दिवा मात्र बॅटरीवर चालतात.

हा भेद ध्यानात ठेवला की अर्धी परीक्षा तेथेच होते. इंजिन चालू असता मोठा दिवा चांगला जळतो, पण हॉर्न व इंडिकेटर मंद आहेत; तर दोष बॅटरीत, तिच्या फ्यूजमध्ये किंवा तिला वीज पोहोचविणाऱ्या वाटेत आहे. उलट हॉर्न खणखणीत वाजतो, पण मोठा दिवा जळत नाही. तर बॅटरीला हात लावण्याचे कारण नाही. तसेच अशा गाडीचे इंजिन बॅटरी उतरली तरी किक मारल्यावर सुरू होते. म्हणून इंजिन सुरू होत नाही या कारणासाठी येथे नवी बॅटरी घेणे व्यर्थ होय.

जुन्या येझदी व बुलेट गाड्यांची रचना निराळी आहे. त्यांतील ठिणगी बॅटरीच्या विजेवर अवलंबून असते. तेथे बॅटरी उतरली की प्रवासच थांबतो.

तपासणीचा क्रम

शेतात पाणी पोहोचत नसेल तर आपण प्रथम विहीर पाहतो, मग पाट व शेवटी वाफा. येथेही तसेच करावे : प्रथम बॅटरी, मग फ्यूज, मग जोड व तारा आणि शेवटी दिवा किंवा हॉर्न.

साधने थोडीच लागतात : पाने, पेचकस, वाळूकागद व दिव्याची चाचणी-तार. बारा व्होल्टचा इंडिकेटरचा एक बल्ब घेऊन त्याला दोन लांब तारा जोडल्या व एका तारेच्या टोकास चिमटा लावला की चाचणी-तार तयार होते. चिमटा गाडीच्या स्वच्छ धातूस लावावा व दुसरे टोक तपासावयाच्या जोडावर टेकवावे. बल्ब लागला तर वीज तेथवर आली आहे असे समजावे. गावात एखादा मल्टिमीटर असेल तर काम अधिक नेमके होते.

तपासणीस बसण्यापूर्वी पेट्रोल कोठे गळत नाही ना, हे पाहावे. जवळ बिडी ओढू नये. भारित होत असलेल्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो.

१. बॅटरी. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर दाब मोजावा. बारा व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ व्होल्ट म्हणजे ती निम्म्याच्या आसपास आली आहे व १२ च्या खाली म्हणजे ती उतरली आहे. मग हॉर्न दाबून पुन्हा मोजावे. बॅटरीच्या टोकांवरच दाब एकदम खाली घसरला तर बॅटरी अशक्त आहे. टोकांवर दाब टिकून राहिला, पण हिरवा दिवा मात्र हॉर्नबरोबर मंदावला, तर बॅटरी चांगली असून वाटेतील एखादा जोड खराब आहे.

पाणी घालण्याच्या बॅटरीतील पातळी दोन रेषांच्या मध्ये असावी. कमी असल्यास केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालावे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्षार पत्रे खराब करतात. टोकांवर पांढरा-हिरवा थर आला असेल तर झाकणे घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो धुवावा, कोरडे करावे व वर थोडे व्हॅसलीन लावावे. बॅटरी काढताना ऋण टोकाची तार प्रथम सोडावी व बसविताना ती शेवटी जोडावी.

२. फ्यूज. फ्यूज जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवावा. तो पुन्हा जळला तर एखादी तार गाडीच्या धातूस टेकत आहे, असा त्याचा अर्थ होय. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद किंवा जाड तार गुंडाळण्याची सवय फार घातक आहे. मग फ्यूजऐवजी टाकीखालील तारा जळतात.

३. जोड व तारा. गाडीचा धातूचा सांगाडा हीच विजेची परतीची वाट असते. तारेचे टोक ज्या खिळ्याखाली सांगाड्यास आवळलेले असते तेथे चिखल व गंज साचला की वाट अडते. इंडिकेटर चालू केल्यावर त्याच्या ठेक्यात मागचा दिवाही लुकलुकू लागला, तर मागच्या बाजूचा हा जोड खराब आहे असे बहुधा समजावे. जोड सोडून धातू चकचकीत होईपर्यंत घासावा व पुन्हा घट्ट करावा.

यानंतर हँडलच्या मानेजवळील तारा पाहाव्यात. हँडल दोन्ही बाजूंस फिरवून तेथील तारा घासून त्यांचे आवरण गेले आहे काय, हे पाहावे. हँडल एका बाजूस वळविताच दिवा जात असेल तर दोष येथेच सापडेल. पावसाळ्यात घरात उभ्या केलेल्या गाडीच्या तारा उंदीरही कुरतडतात. आणखी एक कारण शेतकऱ्याच्या घरात विशेष आढळते. खताच्या पोत्यांशेजारी गाडी उभी केली तर खतातील क्षार व दमट हवा यांमुळे तांब्याच्या तारा व पितळी जोड हिरवे पडून खातात. खत व गाडी यांना वेगवेगळी जागा द्यावी.

तुटलेली तार नुसती पिळून वर प्लॅस्टिक गुंडाळू नये. चकचकीत तांबे दिसेपर्यंत ती मागे कापावी, जोडून डाख द्यावा व वर नळीचे आवरण चढवावे.

४. भरणा. बॅटरी, फ्यूज व जोड चांगले असूनही बॅटरी वारंवार उतरत असेल तर इंजिन मध्यम वेगाने चालवून बॅटरीच्या टोकांवर दाब मोजावा. तो साधारणतः १३.५ ते १४.८ व्होल्ट असावा. इंजिन चालू होऊनही दाब मुळीच वाढला नाही तर मॅग्नेटोची वीज बॅटरीपर्यंत येत नाही. रेक्टिफायरचे जोड, त्याचा सांगाड्याशी असलेला संबंध व शेवटी तो स्वतः, या क्रमाने पाहावे. दाब १५ च्या वर गेला किंवा वेग वाढविताच बल्ब पुन्हा पुन्हा उडू लागले तर दाब आवरणारी डबी काम करीत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही काढून पाहू नये.

सूचक दिवे काय सांगतात?

हिरवा न्यूट्रल दिवा : गाडी न्यूट्रलमध्ये असूनही तो लागत नसेल तर गिअरपेटीवरील लहान स्विचची तार काढून तिचे टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूस क्षणभर लावावे. दिवा लागला तर स्विच किंवा त्याचे टोक खराब आहे. लागला नाही तर बल्ब व वरची तार पाहावी. उलट कोणत्याही गिअरमध्ये दिवा जळतच राहिला तर स्विचची तार काढावी. दिवा विझला तर स्विच दोषी. विझला नाही तर तार मध्येच कोठे धातूस टेकत आहे. हा दोष क्षुल्लक मानू नये. दिव्यावर विश्वासून गाडी गिअरमध्ये असताना किक मारली तर ती पुढे झेपावते व समोर लहान मूल उभे असू शकते.

निळा दिवा : हा दूरच्या प्रकाशझोताबरोबर जळतो. निळा दिवा लागतो, पण रस्ता अंधारातच राहतो, तर मोठ्या बल्बमधील दूरच्या झोताची तार तुटली आहे. अशा वेळी जवळचा झोत लावून हळूहळू घर गाठावे.

इंडिकेटरचा दिवा : एका बाजूस लुकलुकण्याची गती बदलली – काही गाड्यांत ती फार जलद होते, काहींत मंदावते किंवा थांबते – तर त्या बाजूचा बल्ब उडाला आहे किंवा चुकीच्या वॅटचा बसविला आहे.

ब्रेकचा दिवा : पायाच्या ब्रेकजवळील स्विचवर चिखल बसला की हा दिवा सतत जळत राहतो व बॅटरी उतरते. शिवाय मागून येणाऱ्यास आपण ब्रेक केव्हा लावला ते कळत नाही. आठवड्याच्या बाजारास निघताना एकाने ब्रेक दाबावा व दुसऱ्याने मागे उभे राहून पाहावे. एवढे पुरेसे आहे.

जुन्या येझदीचा लाल दिवा : चावी फिरविताच हा लागला पाहिजे व इंजिनाने वेग घेताच विझला पाहिजे. चालत्या गाडीत तो जळत राहिला तर डायनामो बॅटरी भरत नाही. कार्बनचे ब्रश झिजले असतील किंवा रेग्युलेटरचे जोड खराब असतील. चावी फिरवूनही तो मुळीच लागला नाही तर बल्ब व ब्रश दोन्ही तपासावेत. वाटेत हा दिवा लागला तर इतर विजेचा वापर बंद ठेवून जवळचे गाव गाठावे, कारण त्यापुढे इंजिन बॅटरीतील शिलकीवर चालत असते.

बुलेटचा काटा : इंजिन मध्यम वेगाने चालू असता काटा सतत ऋण बाजूस राहिला तर भरणा होत नाही. तो दूरच्या प्रवासातही धन बाजूस फार वर टिकून राहिला तर भरणा प्रमाणाबाहेर होत आहे किंवा बॅटरी आतून बिघडली आहे.

बॅटरी मचाणावर नेऊ नये

धानाच्या राखणीसाठी रात्री गाडीची बॅटरी काढून तिच्यावर दिवा लावतात. या जुन्या लहान गाड्यांची बॅटरी पुष्कळदा केवळ २.५ अँपिअर-तासांची असते. पाच वॅटचा बल्ब ताशी सुमारे ०.४ अँपिअर-तास वीज घेतो; म्हणजे सहा तासांत बॅटरी रिकामी होते. अशी पुरी उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या पत्र्यांवर कठीण थर चढतो व ती पूर्वीसारखी भरत नाही. राखणीसाठी स्वतंत्र सौर कंदील ठेवावा. सौर पट्टी नियंत्रकाविना थेट बॅटरीस जोडू नये. बाहेरून बॅटरी भरताना प्रवाह तिच्या क्षमतेच्या सुमारे एक-दशांश ठेवावा; २.५ अँपिअर-तासांच्या बॅटरीस पाव अँपिअर पुरतो.

नव्या गाड्यांविषयी सावधगिरी

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. तो बंद होत नाही म्हणून दोष समजू नये. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या गाड्यांत पिवळा इंजिन-दिवा असतो. चावी फिरविल्यावर तो लागून इंजिन सुरू झाले की विझावा. चालताना तो लागलेलाच राहिल्यास गाडी जाणकार मिस्त्रीकडे न्यावी. या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक पेटीच्या तारांवर बल्बची चाचणी-तार लावू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

तेंदूपत्त्याचा हंगाम संपल्यावर व मृग लागण्यापूर्वी गावात एक दिवस ठरवावा. चार-पाच जुन्या गाड्या एकत्र आणून बॅटरीची टोके, फ्यूज, सांगाड्याचे जोड, मानेजवळील तारा व सर्व दिवे यांची तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. दोन तरुणांना चाचणी-तार बनविण्यास शिकवावे व ती ग्रामपंचायतीत ठेवावी. रोवणी ऐन भरात असताना गाडी दुरुस्तीसाठी दूर नेण्यात एक दिवस जातो, आणि त्या एका दिवसाची मजुरी व हुकलेली पावसाची उघडीप परत मिळत नाही. पावसापूर्वी तासभर दिलेली नजर हा दिवस वाचविते. आणि रात्री रुग्ण घेऊन निघालेल्या माणसास रस्ता दाखविते.