'वाय' दाबण्यापूर्वी

मित्रांनो, मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत आजही गोंधळतो. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण गेल्या सेमिस्टरला लिनक्सने जो धडा दिला, तो मराठीतूनच सांगावासा वाटला.

झालं असं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मिनी प्रोजेक्टचा डेमो. रात्री एक वाजता मला एका लायब्ररीची ताजी आवृत्ती हवी होती. म्हणून कुठल्याशा साईटची रिपॉझिटरी माझ्या उबंटूला जोडली, 'ॲप्ट फुल-अपग्रेड' टाईप केलं आणि काहीही न वाचता 'वाय' दाबलं. मशीन रीस्टार्ट केलं तर डेस्कटॉपच गायब! काळ्या स्क्रीनवर नुसती लॉगिनची ओळ. रूम पार्टनर उठून म्हणाला, "अरे, काय काय काढणार त्याची यादी दाखवली असेल की त्याने. वाचली होतीस?"

नव्हती वाचली. आता कळलं ते सांगतो.

ॲप्ट हा डेबियनचा आणि त्यावर उभारलेल्या उबंटूचा पॅकेज मॅनेजर. रिपॉझिटरी म्हणजे सॉफ्टवेअरचं गोदाम. 'ॲप्ट अपडेट' म्हटलं की काहीच इन्स्टॉल होत नाही. फक्त प्रत्येक गोदामातली ताजी यादी येते. मेसमध्ये जाऊन मेनू वाचून यावा, तसं. जेवण अजून दूर आहे.

मग तुलना सुरू होते. आवृत्तीतले आकडे दशांश म्हणून वाचायचे नसतात, म्हणून १.१० ही १.९ पेक्षा नवी. आकड्याच्या मागे '~' हे चिन्ह आलं, तर ती आवृत्ती मूळ आकड्याच्या आधीची धरतात. चाचणीच्या आवृत्त्यांना ते लावतात.

पण नुसतं नवं असून भागत नाही. आवृत्तीच्याही आधी ॲप्ट प्राधान्य बघतो. साध्या रिपॉझिटरीला ५०० गुण, मशीनवर आधीच असलेल्या आवृत्तीला १००, डेबियनच्या 'एक्सपेरिमेंटल' विभागाला फक्त १. गुण सारखे असले तरच जास्त नवी आवृत्ती जिंकते. माझी चूक इथेच होती. मी जोडलेल्या अनोळखी गोदामालाही ५०० गुण मिळाले, म्हणजे उबंटूच्या बरोबरीचे! त्यांची आवृत्ती नवी, म्हणून तीच निवडली गेली.

तिसरी गोष्ट परवानगीची. 'ॲप्ट अपग्रेड' असलेलं कुठलंही पॅकेज काढत नाही. त्यासाठी काही काढावं लागणार असेल, तर तो अपडेट मागे ठेवतो. 'फुल-अपग्रेड'ला मात्र काढायचीही मुभा असते. नव्या लायब्ररीशी माझ्या डेस्कटॉपचं जमेना, तेव्हा त्याने डेस्कटॉप काढायचं ठरवलं. आणि मला रीतसर विचारलंही होतं!

कधी कधी दोघांकडे तेच उबंटू असतं, तरी एकाला अपडेट मिळतो, दुसऱ्याला नाही. त्यात वायफायचा दोष नसतो. उबंटू बरेच अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतं. प्रत्येक मशीनचा एक आयडी असतो. त्यावरून आपला नंबर आधी की नंतर ते ठरतं. तक्रारी आल्या तर वाटप थांबवता येतं. २१.०४ आवृत्तीपासून ॲप्टही हे पाळतो. सुरक्षेचे अपडेट मात्र सगळ्यांना लगेच.

असो. त्या रात्री ती रिपॉझिटरी काढून टाकली, तरी लायब्ररी मागे जाईना. कारण प्राधान्य १००० च्या घरात गेल्याशिवाय ॲप्ट आपणहून जुन्या आवृत्तीकडे वळत नाही. शेवटी पार्टनरने आवृत्तीचा आकडा हाताने लिहून जुनी लायब्ररी बसवली आणि डेस्कटॉप पुन्हा इन्स्टॉल केला. तोवर पहाटेचे पाच वाजले होते. डेमो झाला, पण डोळे उघडे ठेवणं हाच खरा प्रोजेक्ट होता.

तेव्हा मित्रांनो, नवीन काही घेण्याआधी 'ॲप्ट पॉलिसी' आणि पॅकेजचं नाव टाकून बघा. कुठलं गोदाम किती गुणांनी पुढे आहे ते दिसेल. आणि काढायच्या पॅकेजेसची यादी दिसली, तर 'वाय' दाबण्यापूर्वी ती एकदा वाचा. मी दोनदा वाचतो.