तो का थांबला नाही?

हुबळी-धारवाड रस्त्याने ये-जा करणाऱ्या वाचकांना हा देखावा नवा नाही. मोटारसायकल घसरून एखादा मनुष्य कडेला पडलेला असतो. मागून येणारी वाहने क्षणभर मंदावतात आणि निघून जातात. संध्याकाळी ओट्यावर निवाडा होतो : "माणसांत दयाच उरली नाही हो!" थांबला तो सज्जन, गेला तो निर्दय, हे ठरविण्यास फारसा विचार लागत नाही.

या सोप्या निवाड्याची परीक्षा अमेरिकेत प्रिन्स्टन येथील एका प्रॉटेस्टंट धर्मविद्यालयात झाली. डार्ली व बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी तिचा वृत्तांत १९७३ साली प्रसिद्ध केला. ४० विद्यार्थ्यांना एकेक करून दुसऱ्या इमारतीत छोटे भाषण करण्यास पाठविण्यात आले. काहींचा विषय होता, संत लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला. वाटेत एका दाराशी एक मनुष्य खोकत, कण्हत पडला होता. त्याला तेथे मुद्दाम ठेवले होते, हे विद्यार्थ्यांस ठाऊक नव्हते.

कोण थांबेल? ज्याच्या मनात शोमरोन्याचा दाखला घोळत आहे तो, असेच आपण म्हणू. पण विषयामुळे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडला तो घाईने. "तुम्हाला उशीर झाला आहे" असे ज्यांना सांगितले होते, त्यांतील शेकडा १० थांबले; ज्यांच्यापाशी पुरेसा वेळ होता, त्यांतील शेकडा ६३. दाखल्यावर बोलावयास निघालेले काही जण तर त्या माणसाला ओलांडून गेले!

हे वाचून आम्हांस हसू आले नाही. एका रविवारी दुसऱ्या गावच्या मिस्सेला उशीर होत असता आम्हीही अशाच एका पडलेल्या माणसाजवळून पुढे गेलो होतो. "जवळ चार माणसे आहेत, ती पाहतील," अशी मनाची समजूत घातली. तेव्हा कोणी आम्हांस निर्दय म्हटले असते, तर तो शब्द आम्हांस अन्यायाचा वाटला असता. आपली घाई आपल्याला कळते. दुसऱ्याची दिसत नाही. म्हणून त्याच्या वागण्याचे कारण आपण सरळ त्याच्या स्वभावात शोधतो, आणि येथेच आपली साधी समज चुकते.

घाईप्रमाणेच भीतीही पाय मागे ओढते : पोलीस, साक्ष, कोर्टाच्या खेपा. ती नुसत्या उपदेशाने जात नाही. म्हणूनच कर्नाटकाने जखमींच्या मदतीस धावणाऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला, आणि २०१९ साली देशाच्या मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद झाली. सद्भावनेने मदत करणाऱ्यास, जखमी दगावला तरी, त्याबद्दल जबाबदार धरता येत नाही. नाव-गाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही.

कारण समजले म्हणजे चूक पुसली जाते, असे मात्र नव्हे. आमची चूक आमचीच आहे. पण कारण कळले, तर उपाय करता येतो. तेव्हा वाचकहो, घरातील तरुणांना हा कायदा समजावून सांगा, १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक त्यांच्या ध्यानी ठेवा, आणि रविवारी घरून पाव तास आधी निघा. आम्ही तसे करू लागलो आहोत.