न हलणारे इंजिन



कन्हानच्या माणसाला आगगाडी समजावून सांगण्याची गरज नाही. नागपूरहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग आपल्या गावावरून जातो आणि रामटेकचा फाटा येथूनच फुटतो. परंतु घरातली, वाटोळ्या रुळांवर फिरणारी छोटी आगगाडी थांबली, की आपण गोंधळतो. पहिला प्रश्न येतो, "कोणी हात लावला होता?" आणि लगेच निकाल लागतो, "मोटर जळली!" आमचे आयुष्य कामगारांच्या चौकशांत बाजू मांडण्यात गेले. तेथेही पुष्कळदा हेच पाहिले. ज्याचा हात शेवटी लागला तो दोषी. यंत्र उघडून पाहण्याचे कष्ट कोणी घ्यावयाचे? म्हणून या लहानशा इंजिनाची रीतसर चौकशी कशी करावी, ते सांगतो.

हा नुसता पोरखेळ आहे असे समजू नका. पुण्यास कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली लोकांस खुले झाले. मोठी माणसेही तेथे तल्लीन होऊन पाहतात.

प्रथम वीज कशी फिरते ते पाहू. आपल्या स्टेशनावरून धावणाऱ्या विजेच्या इंजिनाला डोक्यावरच्या तारेतून २५,००० व्होल्टची वीज मिळते आणि ती रुळांवाटे व जमिनीवाटे परतते. छोट्या गाडीला वरची तार नसते. साध्या संचात बहुधा १२ व्होल्टपर्यंतची एकदिश वीज एका रुळातून येते; ती चाकात, चाकाला टेकलेल्या तांब्याच्या पट्टीत, तेथून कार्बनच्या ब्रशांवाटे मोटरीत जाते, आणि समोरच्या चाकातून दुसऱ्या रुळावर उतरते. ही साखळी एके ठिकाणी जरी तुटली तरी इंजिन उभे राहते. मोटर ही त्या साखळीतील एक कडी आहे. सगळी साखळी नव्हे.

आता चौकशीचा पहिला नियम: प्रश्नाचे दोन भाग करा. दोष रस्त्यात आहे की इंजिनात? त्याच रुळांवर दुसरे चालते इंजिन ठेवा. तेही हलले नाही, तर पहिले इंजिन निर्दोष असण्याचा संभव मोठा. दुसरे इंजिन नसेल तर १२ व्होल्टचा छोटा दिवा घेऊन त्याच्या दोन तारा दोन रुळांना लावा. वायरमन मंडळी ज्याला टेस्ट लॅम्प म्हणतात तोच हा. येथे मीटरपेक्षा दिवा अधिक खरे बोलतो. सांधा सैल किंवा गंजलेला असला तरी मीटर पुरते व्होल्ट दाखवू शकते, कारण ते जवळजवळ वीज ओढीतच नाही. दिवा ओढतो. तारा जोडल्या आहेत तेथे तो लख्ख पेटला आणि दूरच्या टोकाला मिणमिणला, तर मधला एखादा सांधा दोषी समजा.

दिवा कोठेच पेटला नाही तर आधी वीजपुरवठ्याची पेटी व तिच्या तारा पाहा. पेटी आपोआप बंद पडत असेल तर दोन रुळांवर आडवी पडलेली टाचणी किंवा रुळावरून घसरलेले चाक शोधा.

रस्ता निर्दोष ठरला, की इंजिनाकडे वळावे. एच-ओ मापाच्या या रुळांमधील अंतर अवघे १६.५ मिलिमीटर, आपल्या ब्रॉडगेजचे १,६७६. खरे इंजिन आपल्या वजनाखाली मळ चिरडते. हे हलके इंजिन त्याच मळाने अडते. रूळ आणि चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापडाने पुसा. पॉलिशपेपर घासू नका. त्याचे ओरखडे पुढे मळ धरून ठेवतात. आसाभोवती केस किंवा धागे गुंडाळले असतील तर चिमट्याने काढा. तांब्याची पट्टी चाकाला खरोखर टेकते का, आणि ब्रश झिजले आहेत का, ते पाहा.

मोटर गुणगुणते पण चाक फिरत नाही, असे असेल तर वीज पोचली आहे. जुने वंगण गोठले असेल, नाहीतर दातेरी चाक तडकले असेल. अशा वेळी वीज चालू ठेवून वाट पाहू नका. अडलेली मोटर जास्त वीज खेचते, तापते, आणि मग खरोखरच जळते. घाईने दिलेला निकाल असा खरा ठरविता येतो, हे ध्यानात असू द्या.

अलीकडच्या काही संचांत रुळांतूनच सांकेतिक हुकूमही जातात आणि प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र क्रमांक असतो. हुकूम भलत्याच क्रमांकाला सुटला तर धडधाकट इंजिनही हलत नाही. तेथे आधी क्रमांक तपासावा.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि प्रत्येक बदलानंतर गाडी चालवून पाहा. मुलांना जवळ बसवा. दिवा त्यांच्या हाती द्या. ज्या मुलाला आपण क्षणापूर्वी गुन्हेगार ठरविणार होतो, त्यालाच दोष सापडला, तर इंजिन चालू झाल्याहून ती मोठी कमाई होईल.