सूर्यावर पडदा पडला तर आपल्या पावसाचं काय?

सप्टेंबर १८८३. मद्रासमध्ये लोकांनी चक्क हिरवट-निळा सूर्य बघितला. तेव्हा ना मोबाइल होता, ना फिल्टर! झालं होतं असं, की २७ ऑगस्टला इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला आणि त्याची धूळ अन् वायू वाऱ्यासोबत आपल्याकडे आले.

अशा नोंदी त्याआधीच्याही आहेत. सहाव्या शतकातला इतिहासकार प्रोकोपियस लिहितो, की वर्षभर सूर्याला तेजच नव्हतं, तो चंद्रासारखा फिका दिसायचा. हे साल ५३६. त्याच काळातल्या ज्वालामुखीच्या गंधकाच्या खुणा ग्रीनलँडच्या बर्फात सापडल्या आहेत. १८१५ मध्ये तांबोरा फुटला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही.

तुम्ही म्हणाल, नांदेड-लातूरच्या उन्हात थोडा गारवा आला तर बिघडलं कुठं? बिघडतं ते पावसात. मे महिन्यात आपली जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, म्हणून तर समुद्रावरचे ओले वारे आत येतात. ज्वालामुखीतला गंधकाचा वायू फार उंच गेला की त्याचे बारीक थेंब वर्ष-दोन वर्षं तिथंच राहतात आणि ऊन अडवतात. मग जमीन कमी तापते, समुद्राची वाफही कमी होते आणि मान्सून ढिला पडतो. जून १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो फुटला. जगाचं तापमान साधारण अर्ध्या अंशानं उतरलं. पण जमिनीवर पडणारा पाऊसही घटला.

हे सगळं आज का सांगायचं? कारण तापमानवाढ रोखायला असाच पडदा मुद्दाम तयार करावा, विमानांनी उंचावर गंधक फवारावं, असा विचार काही शास्त्रज्ञ मांडताहेत. याला म्हणतात सोलर जिओइंजिनिअरिंग. त्यामुळे आशियातला मान्सून कमजोर होऊ शकतो, असं काही अभ्यास सांगतात. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आपलं सोयाबीन, आपली मांजरा, सगळंच पावसावर. मग हा प्रश्न फक्त परदेशातल्या लॅबचा कसा?

तसं ज्वालामुखीशी आपलं नातं जुनंच आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतला, तेव्हा लाव्हाचे थर सुमारे ३४० मीटरपर्यंत लागले. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा, आपली काळी माती त्याचीच! हे शिकायला लांब जायची गरज नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे. उद्या हा पडदा ओढायचा की नाही, यावर जगात कुठंतरी बैठक बसेल. त्या टेबलाशी मृगाच्या पावसाची वाट पाहिलेलं कुणीतरी असायला हवं. तुमच्यापैकीच कुणी का नको?