विखुरलेल्या नोंदींतून भूजलाचा नकाशा

नांदेड जिल्ह्यात बिलोलीच्या बाजूला दख्खनचा काळा बेसाल्ट संपत जातो आणि ग्रॅनाइट सुरू होतो. दोन्ही खडकांत पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते. म्हणून शेजारच्या दोन बोअरनाही सारखे पाणी लागत नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. पण जुने अहवाल, हाताने भरलेले तक्ते विखुरलेलेच असतात. कृत्रिम बुद्धिमत्ता स्कॅन केलेल्या पानांतून गाव, तारीख, खोली वेचून एका तक्त्यात मांडू शकते. मात्र आकडा फुटांत की मीटरमध्ये, एकाच नावाच्या दोन गावांपैकी कोणते, हे भूजलतज्ज्ञानेच तपासायला हवे. अशा तक्त्यात भर पडावी म्हणून तुमच्या बोअरची खोली, खडक आणि पाणी कुठे लागले, हे आजच लिहून ठेवा.