बेटावर जायचं, तर गाव कोणतं निवडायचं?



निंदणी आटोपलेली असते, कापूस वेचणीला अजून अवकाश असतो, आणि मग आपल्या बचत गटांत सहलीचा विषय निघतो. साठवलेले पैसे आणि घरातून मोकळे करून घेतलेले चार दिवस, दोन्ही आपल्याला महाग. बेट बघायची हौस अनेकींना असते. म्हणून आज आपण बेटावरचं गाव कसं निवडायचं ते बघू.

आम्ही तीन प्रश्न विचारतो. तिथे शेती चालू आहे का? तिथला सण गावकरी स्वतःसाठी करतात का? आणि आपले पैसे गावातल्या बाईच्या हातात पडतील का?

या प्रश्नांवर गोव्यातलं दिवाडी बेट पारखून बघू. हे बेट समुद्रात नाही, मांडवी नदीत आहे. भुसावळहून गोवा एक्सप्रेसने मडगावला उतरायचं, तिथून बसने पणजी आणि मग जुने गोवे. पुढे नदी फेरीबोटीने ओलांडायची. पायी जाणाऱ्याला तिचं भाडं पडत नाही. बेटावर पिएदाद, मालार, नार्वे अशी गावं आहेत.

आता पहिला प्रश्न, शेतीचा. इथल्या भातशेतीला खाजन म्हणतात. भरतीला मांडवीत खारं पाणी चढतं आणि शेतं त्या पाण्याहून खाली असतात. म्हणून मातीचे बांध घातलेले आहेत आणि बांधात लाकडी दारं बसवली आहेत. या दाराला मानस म्हणतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या जोराने दार उघडतं आणि पावसाचं पाणी नदीत जातं. भरती आली की बाहेरच्या पाण्याने ते मिटतं आणि खारं पाणी अडतं. बांध फुटला तर जमीन खारावते, मग पीक धरत नाही. म्हणून बांधाची राखण पूर्वीपासून गावकी मिळून करत आली.

आपल्याला हे ओळखीचं वाटेल. धुळे जिल्ह्यात पांझरेवरची फड पद्धत अशीच आहे. बंधारा सगळ्यांचा, पाटकरी पाळीने पाणी देतो, दुरुस्ती सगळे मिळून करतात. आपण पाणी आणायला एकत्र आलो, ते पाणी अडवायला. दोन्हीकडे मेहनत सारखीच, आणि एकाने अंग काढून घेतलं की सगळ्यांचं नुकसान.

दुसरा प्रश्न सणाचा. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी तिथे बोंडेरम असतो. त्याचं मूळ शेताच्या हद्दीच्या भांडणात आहे, असं सांगतात. पोर्तुगीज काळात हद्दीवर झेंडे लावले, तर लोक ते पाडायचे. आता त्याच भांडणाची गंमत करून झेंड्यांची मिरवणूक निघते. बांधावरून होणारी भांडणं आपल्या गावात कुणाला सांगायला नकोत!

सण बघायचा तर भर पावसात जावं लागेल, छत्री हवी. पाहुणं होऊन बघा. कानबाईच्या घरात परका माणूस न विचारता फोटो काढू लागला, तर आपल्याला आवडेल का?

जुनं सप्तकोटेश्वराचं देऊळही याच बेटावर नार्व्याला होतं. पोर्तुगीजांनी ते पाडलं. देव नदीपलीकडच्या नार्वे गावात नेला आणि तिथलं देऊळ 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी नव्याने बांधवलं. बेटावरूनच तिकडे फेरीबोट जाते.

तिसरा प्रश्न पैशाचा. मुक्काम पणजीत केला, तरी दुपारचं जेवण बेटावर घ्या. उकड्या तांदळाचा भात आणि माशाची आमटी घरी कोण करून देईल, ते आधी विचारून ठेवा. शाकाहारी किती जणी, तेही सांगा. भाव आधी ठरवा आणि पैसे करणाऱ्या बाईच्याच हातात द्या. आपल्या गटातली बाई पापड विकते तेव्हा तिला जे हवं असतं, तेच तिलाही हवं असतं.

पुढच्या बैठकीत कुणी दुसरं गाव सुचवलं, तर त्यालाही हेच तीन प्रश्न लावा. तिन्हींची उत्तरं मिळाली, की मगच वर्गणी काढा.