मंजूर, भरलेली, रिक्त

कोणत्याही सरकारी रुग्णालयाची माहिती अधिकारात मागवलेली कागदपत्रे चाळा, त्यात एक तक्ता हमखास सापडतो. डावीकडे पदनामे आणि पुढे तीन रकाने : मंजूर, भरलेली, रिक्त. स्थानिक वर्तमानपत्रात बातमी येते ती तिसऱ्या रकान्याची. ‘ग्रामीण रुग्णालयात नऊ पदे रिक्त’ अशा मथळ्याखाली ती छापली जाते, कुणीतरी निवेदन देते, ‘लवकरच पदभरती’ असे आश्वासन मिळते आणि पुढच्या वर्षी आकडा थोडा बदलून तीच बातमी परत येते. आपल्याला या बातमीची इतकी सवय झाली आहे की त्या आकड्याचा रुग्णाच्या खाटेपाशी नेमका अर्थ काय होतो, हे कुणी उलगडून सांगत नाही. या लेखात तेवढेच करायचे आहे.

आधी राज्याचे चित्र. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, महाराष्ट्रातील सार्वजनिक आरोग्य सुविधांवरचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात विधिमंडळापुढे आला. डॉक्टरांची मंजूर पदे चौथ्या हिश्श्याहून अधिक आणि परिचारिकांची एक तृतीयांशाहून अधिक रिकामी असल्याची नोंद त्यात आहे. ऐकताना वाटते, ठीक आहे, शंभरातले पासष्ट-सत्तर तर आहेत; काम थोडे मागे पडत असेल. टपाल कार्यालयाच्या बाबतीत हा तर्क चालला असता. तिथे माणसे कमी असली की रांग लांबते. रुग्णालयाचे गणित निराळे आहे.

तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात परिचारिकांची सात पदे मंजूर आहेत असे धरू. दिवसाच्या तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याच्या एकवीस. प्रत्येक पाळीला किमान दोघी हव्यात, कारण एक वॉर्डात आणि दुसरी प्रसूतिगृहात किंवा अपघात विभागात लागते. एकूण बेचाळीस हजेऱ्या झाल्या. एक परिचारिका आठवड्याला सहा पाळ्या करते. सात जणी मिळून बरोबर बेचाळीस. म्हणजे सातही पदे भरलेली असताना, कुणीही आजारी न पडता, रजा न घेता, प्रशिक्षणाला न जाता हे रुग्णालय जेमतेम चालते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत रजा-राखीव म्हणून तीस टक्के जादा परिचारिका धरल्या आहेत, त्या याचसाठी. मंजुरीच्या कागदावर ही राखीव फळी बहुधा उतरतच नाही.

आता सातांतली दोन पदे रिकामी करा. उरल्या तीस हजेऱ्या. सकाळी ओपीडीच्या वेळी दोघी ठेवल्या तर चौदा खर्च होतात. दुपार आणि रात्र एकेकीवर काढली तर आणखी चौदा. शिल्लक दोन. तक्त्यात ही एकोणतीस टक्के रिक्तता दिसते. प्रत्यक्षात चोवीस तासांतले सोळा तास अख्ख्या रुग्णालयात एकच परिचारिका असते. ती प्रसूतिगृहात असताना अपघात विभागात सर्पदंशाचा रुग्ण आला, तर कुणाकडे पाठ फिरवायची हे तिला ठरवावे लागते. आणि उरलेल्या पाचांतली एक प्रसूती रजेवर गेली की सकाळची दुसरीही गेली.

यातूनच ती दुसरी गोष्ट घडते, जी मला अधिक अस्वस्थ करते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात पहाटेच्या सुमारास आग लागली आणि दहा बालके गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून करोनाचे अकरा रुग्ण दगावले. भंडाऱ्यात वरिष्ठ अधिकारी निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांच्या सेवा मात्र थेट समाप्त झाल्या. नगरमध्ये वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिकांना अटक झाली. दोषी कोण, हा चौकशीचा आणि न्यायालयाचा प्रश्न. पण त्या पाळीला किती माणसे असायला हवी होती आणि ती पदे मंजूर करणे, भरणे कुणाच्या हाती होते, हा प्रश्न सेवासमाप्तीच्या आदेशात कधीच येत नाही.

डॉक्टरांकडे वळल्यावर गणित आणखी कठीण होते, कारण तिथे साखळी असते. सिझेरियनसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बाळासाठी बालरोगतज्ज्ञ असे तिघे हवेत. समजा शंभर रुग्णालयांपैकी सत्तर ठिकाणी प्रत्येक पद भरलेले आहे. तिघेही एकाच रुग्णालयात असण्याची शक्यता किती? सत्तर टक्क्यांच्या सत्तर टक्क्यांच्या सत्तर टक्के, म्हणजे चौतीसच्या आसपास. तीस टक्के पदे रिक्त असताना छासष्ट टक्के ठिकाणी सिझेरियन होऊ शकत नाही, आणि तिथला स्त्रीरोगतज्ज्ञ पगार घेऊन ओपीडीत बसून राहतो. प्रत्यक्षात परिस्थिती याहून वाईट आहे. केंद्र सरकारच्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार मार्च २०२२ अखेर देशभरातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत (आपल्याकडची ग्रामीण रुग्णालये याच दर्जाची) गरजेच्या तुलनेत सुमारे ऐंशी टक्के विशेषज्ञांची तूट होती.

शिवाय पद भरले तरी ते ‘एक’ असते. आठवड्याला १६८ तास, आणि बाळंतपण वेळ पाहून येत नाही. एकटा भूलतज्ज्ञ तालुक्यात राहायला आला की पहिल्या महिन्यापासून रात्री-अपरात्री त्यालाच बोलावले जाते. बहिणीच्या लग्नाला गेला तरी ‘डॉक्टर गैरहजर’ अशी बातमी होते. वर्षभरात तो राजीनामा देतो आणि गावकरी म्हणतात, सरकारी डॉक्टर टिकत नाहीत. एकेकट्या पदांची ही रचनाच रिक्त पदे जन्माला घालते असे माझे मत आहे. एका तालुक्यात दोन भूलतज्ज्ञ आणि शेजारच्या तालुक्यात एकही नको, ही व्यवस्था कागदावर अन्याय्य दिसेल. पण दोन तालुक्यांत मिळून एक तरी शस्त्रक्रियागृह रात्री उघडे राहील.

हे कुणाला सुचलेच नव्हते असे नाही. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये आरोग्यसेवेचा जो आराखडा दिला (हे भोर मूळचे नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी), त्यात तात्पुरती सोय म्हणून चाळीस हजार लोकसंख्येच्या प्राथमिक केंद्राला दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार सुईणी, औषधनिर्माता आणि पंधरा चतुर्थश्रेणी कर्मचारी सुचवले होते. पंधरा! आज बाहेरून घेतलेले दोन सफाई कामगार असले तरी वैद्यकीय अधिकारी समाधान मानतो.

मग पदे भरली का जात नाहीत? डॉक्टरांना खेड्यात जायचे नसते, हे एक उत्तर आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण ते परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कक्षसेवक यांना लागू होत नाही. तिथे एका जागेसाठी अर्जांचा ढीग पडतो. तिथली अडचण भरतीच्या यंत्रणेत आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या गट ‘क’ आणि गट ‘ड’च्या परीक्षा ऑक्टोबर २०२१ मध्ये झाल्या. पेपर फुटले, तपासात खुद्द विभागातले अधिकारी पकडले गेले, भरती रद्द झाली. नवी जाहिरात निघाली ऑगस्ट २०२३ मध्ये, १०,९४९ पदांची. या दोन वर्षांत निवृत्त होणारे निवृत्त होतच होते. त्यातच अर्थ विभागाची कात्री. एखाद्या विभागाचा सुधारित आकृतिबंध मंजूर नसेल तर रिक्त पदांपैकी ठरावीक टक्केच भरायची, असा दंडक असतो. आकृतिबंध म्हणजे कोणत्या कार्यालयात किती पदे, याचा अधिकृत साचा. तो मंजूर होईपर्यंत लोकसंख्या पुढे गेलेली असते.

ही पोकळी दोन मार्गांनी बुजवली जाते. पहिला मार्ग बंधपत्राचा. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने वर्षभर सरकारी सेवा करायची, नाहीतर दहा लाख रुपये भरायचे. पदव्युत्तरांसाठी हीच रक्कम पन्नास लाख आहे. वर्ष सरले की मुलगा पुढच्या शिक्षणाला जातो आणि पद पुन्हा रिकामे होते. मधल्या काळात तक्त्यात ते ‘भरलेले’ दिसते. दुसरा मार्ग कंत्राटाचा. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले तेव्हा कंत्राटी नेमणुका हा तात्पुरता टेकू होता. पुढे त्या टेकूवरच छप्पर उभे राहिले. ऑगस्ट २०२५ पासून सुमारे महिनाभर अभियानातले कंत्राटी कर्मचारी नियमित करण्याच्या मागणीसाठी संपावर गेले, तेव्हा लसीकरणापासून नवजात कक्षापर्यंत किती कामे त्यांच्यावर चालतात ते लोकांना कळले.

आणि प्रतिनियुक्ती. तक्त्यातला सगळ्यात फसवा रकाना हाच, कारण तो तक्त्यात नसतोच. डॉक्टर कागदावर एका तालुक्याचा, प्रत्यक्षात दुसरीकडे. मेळघाटात बालमृत्यूंची चर्चा झाली की राज्यातून बालरोगतज्ज्ञ पंधरा-पंधरा दिवसांसाठी धारणी-चिखलदऱ्याला पाठवले जातात. ते दिवस त्यांच्या मूळ रुग्णालयात त्यांची खुर्ची रिकामी असते, पण पद भरलेले.

खालच्या पायरीवर न होणारे काम नाहीसे होत नाही, ते वर जाते. ‘रेफर’ हा आता मराठी शब्द झाला आहे. २०१४ मध्ये १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका आल्या, त्यांनी हजारो जीव वाचवले, आणि पुढे पाठवण्याची सवयही सोपी केली. या साखळीचे शेवटचे टोक कसे दिसते ते सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात दिसले. चोवीस तासांत चोवीस मृत्यू, त्यांत बारा नवजात बालके. अनेक रुग्ण अखेरच्या अवस्थेत बाहेरून आले होते, असे प्रशासनाने सांगितले. ते खरे मानले तर प्रश्न उलट अधिक गंभीर होतो : ते आधी कुठे होते, आणि तिथे त्यांना कुणी पाहिले? मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मंजूर व भरलेल्या पदांचा हिशेब मागितला. त्याच आठवड्यात एका खासदारांनी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. त्याची चित्रफीत घरोघरी पाहिली गेली. चतुर्थश्रेणीच्या पदांची चर्चा मात्र तेवढ्या घरांत पोचली नाही.

सिंधुदुर्गाचे उदाहरण मात्र वेगळे आहे आणि मला ते सर्वांत बोलके वाटते. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८,४९,६५१, म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी. तरुण मुंबईत, गावात म्हातारी माणसे. रुग्णालयाची गरज वाढती, आणि लोकसंख्येवर बेतलेल्या निकषांत वजन घटते. पावसाळ्यात लेप्टो, आणि २०१६ पासून दोडामार्ग-बांदा पट्ट्यात माकडतापाची भर. इथला गंभीर रुग्ण वर्षानुवर्षे कोल्हापूर किंवा मुंबईकडे न जाता राज्याची सीमा ओलांडून बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात जातो. सावंतवाडीहून साठेक किलोमीटर. १८४२ साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेल्या या संस्थेने परराज्यातला म्हणून फारसे कुणाला अडवले नाही. पण तिच्यावरही भार वाढला आणि १ जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले.

त्यानंतर दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले. मागणीचा रोख बांबोळीच्या शुल्काकडे होता, तसाच आपल्या जिल्ह्यातल्या रिकाम्या रुग्णालयांकडेही. पहिल्या मागणीवर तोडगा निघाला : महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ गोव्यात मिळण्याची व्यवस्था झाली. शेजाऱ्याचे बिल भरणे सरकारला जमले. आपल्या रुग्णालयात माणूस नेमणे त्याहून अवघड ठरले. विमा योजनांचा हा गुणधर्म लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या उपचाराचे पैसे देतात, उपचार करणारा निर्माण करत नाहीत.

दुसऱ्या मागणीवरचे उत्तर म्हणजे ओरोसचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, २०२१ च्या प्रवेशांपासून शंभर जागांचे. याच धर्तीवर ऑक्टोबर २०२४ मध्ये गडचिरोली, हिंगोली, वाशीम, जालना यांसह राज्यात एकदम दहा नवी महाविद्यालये सुरू झाली, नऊशे जागांची. जिल्ह्यात महाविद्यालय आले की लोकांना वाटते, डॉक्टरांचा प्रश्न मिटला. पहिली पदवीधर तुकडी बाहेर पडायला साडेपाच वर्षे लागतात, आणि तीही एमबीबीएसची. भूलतज्ज्ञ व्हायला आणखी तीन. तोवर प्राध्यापक हवेत. ते जुन्या महाविद्यालयांतून उचलले जातात. तपासणीपुरती बदली आणि नंतर परत, हा खेळ वैद्यकीय शिक्षणात सर्वांना ठाऊक आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने आधार-आधारित हजेरी आणली ती त्यालाच आळा घालायला. म्हणजे ज्या जिल्ह्यातून प्राध्यापक काढला, तिथला तक्ता पुन्हा हलतो.

तमिळनाडूने यात दोन गोष्टी चांगल्या केल्या. २०१२ मध्ये आरोग्य खात्याच्या भरतीसाठी स्वतंत्र मंडळ स्थापले, त्यामुळे भरती नियमित होऊ लागली. आणि सरकारी सेवेत खेडी काढणाऱ्या डॉक्टरांना पदव्युत्तर जागांत मोठा वाटा दिला. खेड्यातली तीन वर्षे तिथे शिक्षा ठरत नाहीत, पुढच्या शिक्षणाची शिडी ठरतात. एमबीबीएस डॉक्टरला अठरा आठवड्यांत सिझेरियनपुरती भूल देण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना तर आपल्याकडेही ग्रामीण आरोग्य अभियानात होती. प्रशिक्षित डॉक्टरांची बदली शस्त्रक्रियागृहच नसलेल्या केंद्रात होऊ नये, एवढी दक्षता घेतली तरी ती उपयोगी पडेल.

तालुक्याच्या पातळीवर निवेदन देणाऱ्यांसाठी एक सूचना. पुढच्या वेळी रिक्त पदांचा आकडा मागू नका, मागच्या तीन महिन्यांची ड्युटी-पत्रके मागा. रात्रीच्या पाळीला प्रत्यक्ष किती जणी होत्या, किती रात्री भूलतज्ज्ञ उपलब्ध होता, किती बाळंतिणींना पुढे पाठवले आणि किती वाजता. प्रतिनियुक्तीवर गेलेल्यांची यादी वेगळी मागा, बंधपत्रितांची मुदत कधी संपते ते विचारा. ही कागदपत्रे रुग्णालयात असतातच, कारण त्यावरच पगार निघतात.